दिवाळीचे देणे

आपल्या मराठी भाषेत ‘देणे’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. प्रेमाने एखाद्याच्या हातावर काही ठेवले तर ते देणे; आणि वाण्याची उधारी थकली तर तेही देणेच. ‘मी त्याला देतो’ असे म्हणताना छाती भरून येते, ‘मी त्याचे देणे लागतो’ असे म्हणताना मान खाली जाते. शब्द मात्र एकच. दिवाळीच्या दिवसांत आपण जी देवघेव करतो ती यांपैकी कोणती, याचा विचार वारकरी बंधुभगिनींनी एकदा करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे पालेगाव अंबरनाथच्या पूर्वेला. एके काळचे हे शेतीचे गाव. आता उंच इमारती उठल्या, परगावची मंडळी राहायला आली, कोणी कारखान्यात, कोणी मुंबईच्या गाडीने कचेरीत. दिवाळीआधी पंधरा दिवस सगळ्यांची पावले बाजाराकडे वळतात. कोणी स्टेशनाजवळ घेतो, कोणी कापडासाठी उल्हासनगरचे गजानन मार्केट गाठतो. तो बाजार पाहिला म्हणजे एक गोष्ट आठवते. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बराकीत उतरलेल्या माणसांनी पुढे एवढी बाजारपेठ उभी केली. आज तिथे हात रिकामा घेऊन कोणी परत येत नाही. खिसा रिकामा घेऊन येणारे पुष्कळ!

आता एक दृष्टांत सांगतो. नाव सांगत नाही, कारण हा माणूस कोणत्याही गावात सापडेल. कारखान्यात नोकरीला असलेला एक सज्जन गृहस्थ. गळ्यात माळ, एकादशी चुकायची नाही. बोनस हातात आला. वाण्याचे तीन महिन्यांचे थकले होते, धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे दोन महिन्यांचे राहिले होते. पण भाऊबीज तोंडावर. धाकटी बहीण, तिचा नवरा रिक्षा चालवतो. भावाचे मन भरून आले. त्याने भाच्यासाठी मोबाइल घेतला, निम्मे पैसे रोख, निम्मे हप्त्याने. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.

पुढे काय झाले? वाण्याला ‘संक्रांतीला बघू’ असे सांगितले. कामाच्या बाईंना मिठाईचा पुडा दिला, आणि पगाराचे विचारले तेव्हा पुड्याकडे बोट दाखवले. पुढच्या भाऊबिजेला बहीण आलीच नाही. अंगात कणकण आहे असा निरोप आला. कणकण कसली हो? एवढ्या मोठ्या वस्तूची फेड करायची तर वहिनीला निदान साडी न्यायला हवी, आणि घरात तेवढे नव्हते. भावाने प्रेमाने दिले यात शंका नाही. पण त्या प्रेमाने तिचे माहेर एका वर्षापुरते बंद झाले.

येथे एका भेटीत दोन गोष्टी बिघडल्या. एक, ज्यांचे द्यायचे होते त्यांना दिले नाही. दुसरी, जिला दिले तिच्या डोक्यावर ओझे ठेवले. दोन्ही नीट पाहू.

पहिली गोष्ट सोपी वाटते. पण तिथेच आपण जास्त घसरतो. कोणी म्हणेल, ‘महाराज, आमच्या तुकोबारायांनी तर कर्जखते इंद्रायणीत बुडवली. वारकऱ्याने वाण्याच्या वहीचे एवढे काय मनावर घ्यावे?’ हा आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकला आहे. पण प्रसंग नीट आठवा. तुकोबांनी बुडवली ती येणी होती, देणी नव्हती. लोकांकडून आपल्याला यायचे ते त्यांनी सोडले. आपण लोकांना द्यायचे ते नव्हे. आणि त्यातही बारकावा पाहा. खते एकत्र घराची होती. महाराजांनी त्याचे दोन वाटे केले, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला, आणि आपल्याच वाट्याची खते पाण्यात सोडली. भावाचा हिस्सा बुडवून औदार्य करणे त्यांना सुचलेच नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे दान होत नाही, हा न्याय त्यांनी वैराग्याच्या भरातही सोडला नाही. मग वाण्याचे पैसे बहिणीच्या मुलाला देणारे आपण कोण?

हाच न्याय पगाराला. कामाच्या बाई, रात्री दारावर बसणारा वॉचमन, कचरा नेणारा माणूस यांना आपण दिवाळीला ‘काहीतरी’ देतो आणि दिल्याचे समाधान मिळवतो. पण महिना भरल्यावर जे द्यायला हवे ते दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवून, मग रंगीत कागदात बांधून दिले, तर ती भेट नव्हे, ती उशिराची फेड झाली. पूर्वी कारखानदारही बोनस म्हणजे मालकाची मर्जी असे मानत. १९६५ साली कायदा झाला आणि तो कामगाराचा हक्क ठरला. हक्क झाल्याने मालकाचे औदार्य कमी झाले असे काही नाही. त्याचे औदार्य कोठे सुरू होते ते मात्र स्पष्ट झाले. म्हणून बाजारात जायच्या आधी घरी बसून एक कागद करावा. भेटींचा नव्हे, देण्यांचा. तो कागद फाडून झाल्यावर जे उरेल ते आपले, आणि त्यातूनच भेट. थोडे उरले तर भेट थोडी. आणि घरातला फराळाचा जुना डबा, ज्याची तारीख उलटली आहे, तो कामाच्या बाईंच्या हातावर ठेवू नये. हे लिहावे लागते याचीच लाज वाटते.

आता दुसरी गोष्ट. ती अवघड आहे, कारण तिथे मन शुद्ध असूनही चूक होते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले. परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून, किंवा जिवाला क्लेश करून दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, तुच्छतेने दिलेले ते तामस. या राजस दानावर भाष्य करताना ज्ञानेश्वर माउलींनी जे दृष्टांत घेतले आहेत ते वाचून माणूस चपापतो. दुभत्यावर नजर ठेवून गाईला चारा घालणारा, आहेराकडे डोळा लावून सोयऱ्यांना आवतण देणारा, वाण दुसऱ्याच्या घरी पाठवणारी, व्याज आधी गाठीला मारून मग लोकांच्या कामाला लागणारा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. त्या काळीही आहेराचा हिशेब होता तर! आपण उगाच म्हणतो की हल्लीचे लोक बिघडले.

आणि ‘जिवाला क्लेश करून’ हे शब्द विसरू नका. ते आपल्या त्या हप्तेवाल्या भावासाठीच आहेत. त्याला परतफेड नको होती. पण देताना पोटात गोळा होता. भगवंतांनी तेही राजसात घातले.

फ्रान्समध्ये मार्सेल मॉस नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. जगातल्या अनेक जुन्या समाजांचे रीतिरिवाज तपासून त्यांनी दाखवले की भेट वरवर मोकळी दिसते, पण द्यावेच लागते, घ्यावेच लागते आणि फेडावेच लागते. त्यांनी आपल्या महाभारतातील अनुशासनपर्वाचाही आधार घेतला आहे. म्हणजे भेटीत ओझे असते हे साऱ्या माणसांचेच झाले. आपल्याकडे लग्नघरी आहेराची वही ठेवतात, कोणी किती पाकिटात घातले ते लिहितात, आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की वही उघडतात. ती वही मला सावकाराच्या वहीसारखीच दिसते. फक्त वर गणपतीचे चित्र असते.

जेथे मागणी शिरली तेथे तर भेट उरतच नाही. पहिल्या दिवाळसणाला जावयाला काय मिळणार याची चौकशी मुलाच्या घरून होते, आणि मुलीचा बाप रात्र रात्र जागतो. १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदा झाला. पुढे त्यात असे ठरले की लग्नात मागणी न करता, रिवाजाप्रमाणे, ऐपतीला सोडून नसलेल्या भेटी चालतील. पण त्यांची यादी करून ठेवावी. त्या यादीचे नियम १९८५ चे आहेत. कायद्यालाही शेवटी हीच तीन मापे सापडली: मागितले का, रीत आहे का, ऐपत आहे का. जावईबापूंनी स्वतःच सासऱ्यांना कळवावे की मला फराळाखेरीज काही नको. असे कळवणारे तरुण आहेत, आणि अशा एका पत्राने म्हाताऱ्याची झोप परत येते.

मग परत देणेच वाईट का? तसे नाही. शेजारणीकडून फराळाचे ताट आले तर आपल्या बायका ते रिकामे पाठवत नाहीत. दोन लाडू, नाहीतर चिमूटभर साखर तरी घालतात. हीही परतफेडच आहे. पण तिने चकल्या किती पाठवल्या ते मोजून कोणी लाडू घालत नाही, आणि साखर घातली म्हणून कोणी कमी लेखत नाही. ज्याची फेड साखरेने होते ते ओझे नव्हे. माझ्या मते भेट विकत घेताना हेच माप धरावे: घेणाऱ्याला तिची फेड त्याच्या ऐपतीत, त्याला वाटले तर, हसतखेळत करता यावी, आणि नाही केली तरी आपल्याकडे यायला त्याचे पाय अडखळू नयेत. बहिणीला द्यायचे तर तिच्या नवऱ्याच्या मिळकतीकडे पाहून द्यावे, आपल्या मिळकतीकडे पाहून नव्हे. आपल्याला जास्त द्यायचेच असेल तर गाजावाजा न करता भाच्याच्या शाळेची फी भरावी. ओवाळणीच्या ताटात सर्वांसमक्ष ठेवू नये.

या बाबतीत भगवान श्रीकृष्णांचे वागणे पाहण्यासारखे आहे. सुदाम्याचे पोहे आपल्याला पाठ आहेत, पण पुढचा भाग आपण भरभर वाचतो. सुदामा द्वारकेहून निघाला तेव्हा देवाने त्याच्या हातात काहीही दिले नाही. रिकाम्या हाताने पाठवले. आणि सुदामाही, मित्र भेटला याच आनंदात, वाट चालत होता. जे द्यायचे होते ते त्याच्या गावी, त्याच्या मागे, कोणी पाहत नसताना देऊन झाले होते. समोर दिले असते तर द्वारकेचे लोक पाहत होते, राण्या पाहत होत्या, आणि गरीब ब्राह्मणाला ‘हे कशाला’ म्हणत हात पुढे करावा लागला असता. देवाने मित्राला तो क्षणच येऊ दिला नाही. उलट पोहे मात्र देवाने सर्वांसमक्ष ओढून घेतले आणि खाल्ले. आपण याच्या बरोबर उलट करतो. देतो ते चारचौघांत, आणि गरीब नातेवाइकाने आणलेली पिशवी न उघडता कपाटावर टाकतो.

घेणाऱ्याचाही काही धर्म असतो तो असा. पिशवी उघडावी. त्याच्या देखत एक करंजी तोंडात टाकावी. किंमत विचारू नये आणि ‘एवढा खर्च कशाला’ म्हणून त्याच्या खर्चाकडे लक्षही वेधू नये.

एक शंका राहते. काही माता म्हणतात, ‘मुलांना हे कसे समजवायचे? शेजारच्या मुलाला सायकल आली की आमचा रडतो.’ खरे आहे. मुलाला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. त्याला देण्याच्या कामाला लावावे. पणत्या कुंभाराकडून त्याच्याच हाताने घ्याव्यात, घासाघीस न करता. वॉचमनकाकांना फराळ त्यानेच नेऊन द्यावा. उसाच्या मोळीची गोष्ट त्याला सांगावी: तुकोबांना कोणी ऊस दिला, वाटेत पोरे भेटली, घरी पोचेपर्यंत एकच कांडे उरले. ही गोष्ट ऐकून मुले हसतात. जिजाई का रागावल्या हे ती विचारतात, आणि तो प्रश्नही टाळू नये. घरात खायला नव्हते म्हणून रागावल्या, आणि त्यांचेही खोटे नव्हते.

भाऊबिजेनंतर नवव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. आमच्या भागातली मंडळी पंढरीला जाऊन येतात आणि प्रसाद वाटतात. मूठभर चुरमुरे, दोन बत्तासे, कागदाच्या पुडीत चिमूटभर बुक्का. इमारतीतल्या शेठजींच्या घरी जेवढा, तेवढाच झाडूवाल्याच्या घरी. त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि पुढच्या वर्षी फेडायचा म्हणून कोणी घाबरत नाही. यंदा जे जाणार असतील त्यांनी बुक्क्याच्या पुड्या थोड्या जास्त आणाव्यात. नवीन इमारतींत आता घरे पुष्कळ झाली आहेत, आणि गेल्या खेपेला वरच्या मजल्यांपर्यंत प्रसाद पुरला नव्हता.