हसताना ओढणी आड का यावी?

आपल्या राज्यातील यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी काही गावे आहेत, जिथे भूगर्भातील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानली जाते. त्याहून अधिक फ्लोराइड असलेले बोअरवेलचे पाणी लहान मूल वर्षानुवर्षे पीत राहिले, तर त्याच्या कायमच्या दातांची घडण हिरड्यांच्या आतच बिघडते. दात उगवतात तेच खडूसारखे पांढरट पट्टे घेऊन. पुढे ते तपकिरी होतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण डाग दातावर नसतो, दातातच असतो.

अशा गावातील एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. शिकलेली आहे, नमाजची पाबंद आहे. तिने कधी मिश्री लावली नाही, तंबाखूला हात लावला नाही. रिश्त्यासाठी पाहुणे येतात. ती सलाम करते, चहा देते, कोणी काही बोलले की हसते आणि हसताना ओढणीचे टोक आपोआप ओठांवर येते. दोन दिवसांनी निरोप येतो, “मुलगी चांगली आहे, पण...” त्या ‘पण’नंतरचे वाक्य कोणी पूर्ण करत नाही. तिला ते पाठ झालेले असते.

मग कोणी शहरातील दंतवैद्याकडे जाण्याचे सुचवते. दंतवैद्य सांगतात, पुढच्या दातांवर पोर्सिलेनचे व्हिनिअर बसवता येईल. वडील पैशांची जुळवाजुळव करू लागतात. इतक्यात घरातील वृद्ध आजी विचारते, “बेटा, अल्लाहने दिलेल्या दातांत असा बदल करणे गुनाह नाही का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजीची भीती निराधार नाही आणि नातीचे दुःखही खोटे नाही. दोहोंना न्याय देणारे उत्तर आपल्याला शोधायचे आहे.

प्रथम व्हिनिअर म्हणजे काय, हे समजून घेऊ. व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढील बाजूस कायमचे चिकटवलेले पोर्सिलेनचे पातळ कवच. त्याची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ते नीट बसावे म्हणून बहुतेक वेळा दाताच्या वरच्या कठीण थराचा, म्हणजे इनॅमलचा, तितकाच पापुद्रा घासून काढावा लागतो. इनॅमल पुन्हा कधी तयार होत नाही. म्हणून एकदा दात घासला की मागे फिरता येत नाही. कवचही आजन्म टिकत नाही. साधारण दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावे लागते. विशीत घेतलेला हा निर्णय साठीपर्यंत पाठ सोडत नाही.

याचा इतिहासही बोलका आहे. अशी कवचे प्रथम गाजली ती हॉलिवूडमध्ये, 1930 च्या आसपास. कॅलिफोर्नियाचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस चित्रपट कलाकारांसाठी ती तयार करीत. चित्रीकरणापुरती ती दातांवर तात्पुरती चिकटवायची आणि काम संपले की काढून ठेवायची. म्हणजे ज्या वस्तूने आज एखाद्या मुलीचे दुःख हलके होऊ शकते, ती मुळात कॅमेऱ्यासमोरचा मुखवटा होती. तेव्हा वस्तूकडे पाहून निर्णय देता येणार नाही. ती कशासाठी वापरली जात आहे, हे पाहावे लागेल.

आता आजीच्या भीतीकडे येऊ. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (आयत 119) सैतानाच्या त्या प्रतिज्ञेचा उल्लेख आहे, ज्यात तो माणसांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करण्यास प्रवृत्त करीन असे म्हणतो. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसमध्ये तर दातांचाच उल्लेख आहे. सौंदर्यासाठी दातांमध्ये फटी पाडून घेऊन अल्लाहच्या निर्मितीत बदल करणाऱ्या स्त्रियांचा तिथे कठोर शब्दांत निषेध केलेला आहे.

परंतु या हदीसमध्ये ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द आहे आणि उलमांनी त्याच शब्दावर बोट ठेवले आहे. सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (रह.) स्पष्ट करतात की निषिद्ध आहे ते केवळ सौंदर्याच्या हव्यासाने केलेले कृत्य, उपचार म्हणून किंवा दातातील दोष दूर करण्यासाठी गरज पडली, तर त्यात हरकत नाही. ते हेही सांगतात की दातांतील नाजूक फट हे कोवळ्या वयाचे लक्षण समजले जाई, म्हणून वय झालेल्या स्त्रिया तरुण दिसण्यासाठी कानशीने दात घासून घेत. म्हणजे तिथे दात निरोगी होता. त्याला इजा करून एक खोटी गोष्ट जगाला सांगितली जात होती.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहा. हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील कुलाबच्या युद्धात कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. पुरुषांसाठी सोने निषिद्ध असताना ही परवानगी दिली गेली. हा प्रसंग नोंदवणारे इमाम तिर्मिजी (रह.) पुढे लिहितात की अनेक विद्वानांनी आपले दात सोन्याने बांधून घेतले होते. जे मोडले, बिघडले, ते दुरुस्त करणे म्हणजे निर्मितीत ढवळाढवळ नव्हे. तो उपचार आहे.

आपल्या काळात 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचे 18 वे अधिवेशन झाले. सौंदर्य-शस्त्रक्रियेवरील तिथल्या ठरावात जन्मजात किंवा नंतर उद्भवलेले जे दोष शारीरिक अथवा गंभीर मानसिक त्रास देतात, ते दूर करण्यास मान्यता आहे. म्हणजे मनाची वेदनाही शरीअतच्या हिशेबात धरली जाते.

तेव्हा आजीला आदराने सांगता येईल की फ्लोराइडने बिघडलेला दात हा अल्लाहच्या निर्मितीचा मूळ नमुना नाही, तो एका आजाराची खूण आहे. नातीचे दात नीट करणे हा उपचार आहे. मात्र शरीर ही अमानत आहे, म्हणून कमीत कमी इजा करणारा उपाय आधी पाहावा. डाग सौम्य असतील तर ब्लीचिंगने किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट भरून काम भागते. ते न जमल्यास व्हिनिअर.

वाचकहो, हीच परवानगी आपण सर्वत्र लागू करू लागलो तर मात्र चूक होईल. एखाद्या तरुणाचे दात निरोगी आहेत, थोडेसे वाकडे आहेत. तार लावली तर वर्ष-दीड वर्षात ते सरळ होतील. पण लग्न महिन्यावर आले आहे, म्हणून तो ते घासून त्यांवर कवच चढवू पाहतो. वाकडा दात सरळ ‘दाखवण्यासाठी’ अनेकदा अधिक घासावा लागतो. दुसऱ्या एखादीच्या दातांत कसलाच दोष नाही; केवळ मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांसारखे पांढरेशुभ्र दात तिला हवे आहेत. निरोगी दाताचा रंग मुळात किंचित पिवळसर असतो, हे ती विसरून गेली आहे. इथे उपचार कशाचा होत आहे? दाताला काही झालेले नाही. रोग आहे तो तुलनेचा, आणि त्याच्यावर कवच चढवता येत नाही.

कोणी म्हणेल, “मनाचा त्रास तिलाही आहे, मग तिला वेगळा न्याय का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारून मिळते: मला माझा दोष घालवायचा आहे, की मला दुसरेच कोणी व्हायचे आहे? पहिल्या इच्छेला शेवट असतो. दोष गेला की ती शांत होते. दुसरीला शेवट नसतो. दातांनंतर नाक येते, नाकानंतर कातडीचा रंग. मन तरीही साशंक राहिले, तर दंतवैद्यासोबत जाणत्या आलिमचाही सल्ला घ्यावा.

घरोघरी विचारली जाणारी एक शंका गुसलविषयी असते. हनफी मतानुसार गुसलमध्ये चूळ भरणे फर्ज आहे, तर कोकणातील आपली शाफई घराणी ते सुन्नत मानतात. व्हिनिअर कायमचे चिकटवलेले असल्याने ते दाताचाच भाग समजले जाते. त्यावरून पाणी फिरले की पुरे.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण मुद्दा. मुलीने काय करावे यावर आपण पुष्कळ बोललो. पण तिच्या दारी आलेल्या पाहुण्यांनी काय करावे? हजरत जुलैबीब (रजि.) दिसायला सुंदर नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः त्यांच्यासाठी एका अन्सारी घरात मुलीची मागणी घातली. आई कचरली, मुलीने मात्र प्रेषितांचा (स.) शब्द खाली पडू दिला नाही. पुढे जुलैबीब (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांची उणीव प्रेषितांना (स.) भासली आणि ते आपल्यापैकी असल्याचे त्यांनी सांगितले. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय आपल्याला ठाऊक आहे की अल्लाह चेहरे आणि संपत्ती पाहत नाही, अंतःकरणे आणि कर्मे पाहतो. हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो आणि रविवारी मुलगी पाहायला जातो तेव्हा नेमके उलट वागतो. मग एक बाप कर्ज काढून लेकीचे दात घासून घेतो. त्या कर्जाचा काही भाग आपल्या नावावर लिहिला जात नसेल का?

उहुदच्या रणांगणावर प्रेषित मुहम्मद (स.) यांचा पुढचा दात शहीद झाला. त्यांच्याविषयीच सहाबींनी सांगितले आहे की त्यांच्याहून अधिक स्मित करणारा कोणी आम्ही पाहिला नाही. आपल्या भावाकडे पाहून हसणे हा सदका आहे, ही शिकवणही त्यांचीच. या सदक्यासाठी दात पांढरे असण्याची अट कुठेही घातलेली नाही. त्या मुलीने दात नीट करून घ्यावेत, अवश्य घ्यावेत. पण ते होईपर्यंतही, आणि झाले नाहीत तरीही, आपल्यासमोर हसताना तिचा हात ओढणीकडे जाऊ नये, इतके आपले डोळे आपण स्वच्छ ठेवू या.