भोगभूमीतील वैराग्य

विषयांचा त्याग म्हणजे विषयांपासून दूर जाणे, की विषयांच्या ऐन बाजारात उभे राहूनही त्यांवर हक्क न सांगणे, या प्रश्नाची चर्चा आपल्या शास्त्रकारांनी अरण्यांचे आणि गिरिकंदरांचे दाखले देऊन केली असली, तरी त्याची कसोटी पाहावयाची तर ती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाहावी. कारण डोंगर आणि समुद्र यांमधली चिंचोळी पट्टीसुद्धा तेथे श्रीमंतीने मोकळी सोडलेली नाही. नीसपासून पूर्वेकडे कड्याच्या अंगाने एकावर एक असे तीन रस्ते जातात. त्यांतील मधल्या रस्त्याने आम्ही सहकुटुंब मोटारीतून गेलो, तेव्हा खालच्या शुभ्र नौका आणि बागबगीचे पाहून, ‘इथे आपलेही एखादे घर असते तर!’ हा विचार कोणाच्या मनाला शिवला नसेल असे मला वाटत नाही. वाटसरू कशाचाच मालक नसतो, म्हणून तो अनासक्त, ही समजूत पोकळ आहे. ऐपत नसणे निराळे आणि इच्छा नसणे निराळे.

मज्जावानेही वैराग्य येत नाही. मोनॅकोच्या जुगारगृहाचा मक्ता १८६३ साली फ्रांस्वा ब्लाँ याने घेतला, आणि त्याचे उत्पन्न असे वाढले की १८६९ मध्ये तेथील राजाने रयतेवरचे प्रत्यक्ष कर माफ केले; परंतु त्याच रयतेला त्या जुगारगृहात खेळण्याची कायद्याने बंदी आहे. परक्यांच्या व्यसनावर पोसलेल्या या निर्व्यसनीपणाला फार तर कायद्याचे पालन म्हणावे. संयमाला दार उघडे असावे लागते.

योगायोग असा की, त्याच १८६९ साली कान शहरासमोरील सें-ओनोरा बेटावर, पाचव्या शतकात स्थापन झालेल्या व पुढे ओस पडलेल्या मठात सिस्टर्शियन पंथाचे संन्यासी पुन्हा राहावयास आले. कानच्या झगमगाटापासून होडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येणाऱ्या या बेटावर ते नेमलेल्या वेळी प्रार्थना करतात, मौन पाळतात, द्राक्षमळा कसतात आणि त्याचे मद्य करून विकतातही. संन्यासी आणि मद्य ही जोडी आपल्या संस्कारांना खटकते खरी. परंतु ज्या वस्तूने जग धुंद होते, ती रोज हाताळूनही तिचा मोबदला मठाच्या चरितार्थापुरता मानणे, यात पळ काढण्यापेक्षा अधिक कठीण असे काही आहे.

गृहस्थाला मठ नाही, आणि वाटसरूची अनासक्ती तर उसनी, मग त्याने करावे काय? आमची मोटार हाकणाऱ्या चिरंजीवांना त्या सबंध वाटेत समुद्र असा पाहावयास मिळालाच नाही. मागच्या आसनावरून त्यांची आई ‘अरे, बघ तरी एकदा!’ म्हणे, आणि शेजारी बसलेल्या सूनबाई तितक्याच तत्परतेने ‘नको, तुम्ही पुढे बघा’ म्हणत. त्यांची नजर रस्त्यावर होती, म्हणून आमची समुद्रावर राहू शकली. गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार असे मनूने म्हटले आहे, ते केवळ अन्नदानापुरते खरे नसावे. दुसऱ्याच्या निश्चिंत आनंदासाठी आपले लक्ष खर्ची घालणे हाही त्यागच आहे. मात्र तो खरा केव्हा, तर मुक्कामी पोहोचल्यावर आपण काय गमावले याची बाकी त्याने कोणाच्याही नावे मांडली नाही, तरच.