कुणाला पाडलं?

नोव्हेंबर 2023 मध्ये दहा-बारा दिवसांच्या अंतराने महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला मिनिटभराच्या आत चितपट करून गदा उचलली. पाठोपाठ दुसऱ्या संघटनेने धाराशिवात स्पर्धा भरवली. तिथे त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरवर गुणांनी मात करून दुसरी गदा खांद्यावर घेतली. संघटना दोन, म्हणून किताबही दोन. मग खरा पहिला कोण?

सिकंदर, असं कुणीही चटकन म्हणेल. त्याने शिवराजलाच पाडलं की! पण त्याच वर्षी जानेवारीत, कोथरूडच्या स्पर्धेत, माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर महेंद्र गायकवाडकडून हरला होता. त्या कुस्तीतल्या गुणांवरून मोठा वाद झाला, तरी निकाल कायम राहिला. पुढे महेंद्रला हरवून केसरी झाला तो शिवराज. म्हणजे महेंद्र सिकंदरला भारी, शिवराज महेंद्रला भारी आणि सिकंदर शिवराजला भारी. आता लावा यांचे नंबर! कुणालाही वर ठेवा, त्याला हरवणारा खाली उभा असतोच.

हाच गुंता अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दरवर्षी पडतो. तिथल्या वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात जेमतेम बारा-तेरा. बहुतेक संघ एकमेकांच्या समोरच येत नाहीत. म्हणून किती सामने जिंकले यापेक्षा कुणाविरुद्ध जिंकले, याला तिथे वजन आहे. पूर्वी पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन क्रम लावत. 1998 पासून त्यात संगणकाची गणितं मिसळली आणि 2014 पासून तेरा जणांची समिती बसली. आपल्याकडे दोन केसरी झाले त्याच हंगामात, 3 डिसेंबर 2023 रोजी, या समितीने तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला विजेतेपदासाठी खेळणाऱ्या अंतिम चौघांतून वगळलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतलं. फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी होता, हे एक कारण. अलाबामाने सोसलेला हंगाम जास्त खडतर होता, हे दुसरं. पुढे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा 63-3 असा धुव्वा उडवला, तेव्हा समितीचे समर्थक म्हणाले, बघा! पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी बिनीचे खेळाडू उतरलेच नव्हते. एका निकालाने वाद मिटतो, हा भ्रमच.

वेस्ली कॉली या खगोलशास्त्रज्ञाने यासाठी मांडलेली रीत समजायला सोपी आहे. सुरुवातीला सगळे संघ सारखे धरायचे. मग जय-पराजय मोजायचे. मात्र प्रतिस्पर्ध्याची प्रत जितकी वरची, तितकं तुमचं मोल वाढवायचं. ती प्रत पुन्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून ठरते, म्हणून सगळ्यांची समीकरणं एकत्रच सोडवायची. किती गुणांनी जिंकलात, याला इथे किंमत शून्य. त्यामागे शहाणपण आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या महिला संघाने दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवलं. पण संघाची ताकद जोखायची तर नेपाळविरुद्धचा 78-40 हा अंतिम सामनाच पाहावा लागतो.

जत्रेतल्या कुस्तीचे पंच हे गणित कागदाशिवाय करत आले आहेत. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंत ते जोड लावतात तेव्हा वजन बघतात, वय बघतात, तालीम बघतात आणि मुख्य म्हणजे गड्याने आजवर कुणाला पाडलंय ते बघतात. पाच कुस्त्या मारल्या असं सांगणाऱ्याला जाणता माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो.

हा प्रश्न रास्त आहे, पण निम्माच. तगडा जोडीदार मिळणं गड्याच्या हातात कुठे असतं? ज्याला नाव नाही, त्याच्याशी नावाजलेला मल्ल लढत नाही. हरला तर अब्रू जाते आणि जिंकला तरी पदरात काही पडत नाही. आणि नावाजलेल्याशी लढल्याशिवाय नाव होत नाही. 2017 मध्ये सेंट्रल फ्लोरिडा हा संघ सगळे सामने जिंकूनही अंतिम चौघांत आला नाही, कारण त्याची तेव्हाची लीग दुबळी मानली जात होती. पुढे त्याने ऑबर्नला हरवलं. याच ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम संघांना पाणी पाजलं होतं. कॉलीच्या गणिताने सेंट्रल फ्लोरिडाला पहिला नंबर दिला. अधिकृत विजेतेपद अलाबामाला गेलं.

आपल्याकडे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. महाराष्ट्र केसरीला जिल्हावार निवड होते. जिथे दांडगे मल्ल गर्दीने आहेत तिथे जिल्ह्याची निवड चाचणी हीच मोठी स्पर्धा. राजगुरुनगरचा शिवराज नांदेडकडून उतरला, ते नियमात बसलं आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण अशा वेळी नांदेडच्या किंवा धाराशिवच्या स्थानिक पोराची वाट अरुंद होते, हेही खरं. शिवाय संघटनाच दोन असतील, तर कोण कुणाशी भिडणार हे आखाड्याबाहेरच ठरतं. मार्च 2025 मध्ये कर्जतला वेताळ शेळके केसरी झाला. त्याआधी फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ झालाच होता. भांडण तेव्हाही मिटलं नव्हतं.

म्हणून पहिला नंबर कुणाचा, यावर घसा कोरडा करण्याआधी जोड कुणी लावली, हे विचारायला हवं. नंबर मल्लाच्या अंगात नसतो, तो झालेल्या लढतींचा हिशेब असतो. आणि ज्या लढती होऊच दिल्या नाहीत, त्यांचा हिशेब कोणतंही गणित मांडू शकत नाही. मानाच्या दोन गदा वाटणाऱ्यांनी निदान दोन्ही विजेत्यांची एक कुस्ती लावावी. तीही ठरत नसेल, तर किताबापुढे संघटनेचं नाव लिहावं. प्रेक्षकाला तेवढं कळलं तरी पुरे.