उंबरठ्याची मर्यादा
ज्याचें मन स्वच्छ त्यानें पोलिसांस दार उघडावयास कां कचरावें, असें आपण सहज म्हणतों. उत्तर प्रदेशांतील खडकसिंगावर १९४१ सालीं दरोड्याचा आळ आला. पुराव्याअभावीं तो सुटला. तरीही पोलीस अपरात्रीं त्याच्या घरीं येऊन त्यास झोपेंतून उठवीत. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. उंबरठ्याची मर्यादा प्रतिष्ठितासाठीं सहज पाळली जाते. तिची कसोटी संशयिताच्या दारींच लागते. निकडीच्या तपासांत वारंटावांचून झडती घेण्याची मुभा कायदा आजही देतो. पण अधिकाऱ्यानें कारणें लिहून ठेवावीं, व घरधन्यानें अर्ज केल्यास त्यांची प्रत त्यास विनामूल्य मिळावी, असेंही बजावतो. ती मागणें म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. शेजाऱ्यानें ती मागितली, तर त्याच्याविषयीं आपलें मन कलुषित होईल काय?