काचेच्या गोलातील गोळी

अन्न विकणाऱ्याने आपल्या मालाविषयी किती चौकशी करावी, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आज तो ज्या रूपात उभा राहतो ते रूप नवे आहे. पूर्वी दूधवाला दुधात पाणी घालीत असे, आणि कोणता दूधवाला घालतो हे साऱ्या आळीला ठाऊक असे. भेसळ होती, पण भेसळ करणाऱ्याला चेहरा होता. आज एखाद्या मुलाच्या हातात पडणाऱ्या गोळीतील चिकट पदार्थ एका देशातून, रंग दुसऱ्या देशातून आणि साखर तिसऱ्या देशातून आलेली असू शकते. गोळी वळली जाते चौथ्या देशात आणि विकली जाते पाचव्या. अशा गोळीचा जाब कोणाला विचारावयाचा?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या पत्रातून. नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणून त्याने च्युइंगमच्या गोळ्यांची चार यंत्रे घेतली आहेत व ती केशकर्तनालये, कपडे धुण्याची दुकाने अशा ठिकाणी ठेवली आहेत. वर काचेचा गोल, त्यात रंगीबेरंगी गोळ्या. खाचेत पाव डॉलरचे नाणे ठेवून मूठ फिरविली की एक गोळी घरंगळत खाली येते. अमेरिकेत ही गोष्ट फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगम देणारी यंत्रे १८८८ सालीच बसविण्यात आली होती. एक इंच व्यासाच्या गोळ्यांच्या घाऊक खोक्यात साधारणपणे ८५० गोळ्या असतात. सगळ्या खपल्या तर २१२ डॉलर ५० सेंट हाती येतात. त्यातून जागेच्या मालकाचा वाटा, पेट्रोल आणि यंत्राची दुरुस्ती वजा जाते. म्हणून गोळीमागे एका सेंटचा फरक, म्हणजे खोक्यामागे साडेआठ डॉलर, हा या लहान धंद्यात लहान फरक नव्हे. पुतण्याने लिहिले होते, "काका, स्वस्त खोके घ्यावे तर ते कोठून आले याची धास्ती वाटते, महाग घ्यावे तर हाती काही उरत नाही. कायद्याने दोन्ही विकण्यास मोकळीक आहे. मग मी एवढा विचार का करीत बसलो आहे?"

त्याची धास्ती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधील तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन सापडल्याचे उघड झाले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली व सहा दगावली. मेलामाइन हे ताटवाट्यांचे प्लास्टिक बनविण्याचे रसायन. ते दुधात का घालावे? दुधातील प्रथिने मोजण्याची रूढ रीत म्हणजे त्यातील नायट्रोजन मोजणे. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले की नायट्रोजनाचा आकडा फुगतो आणि दूध कसाचे ठरते. म्हणजे येथे ग्राहकाच्या आधी तपासणीलाच फसविण्यात आले होते. एफा लहान आणि शेकेल मोठा करणाऱ्यांवर आमोस संदेष्टा कडाडला, त्याच कुळातले हे पाप आहे. फरक इतकाच की तराजूच्या जागी प्रयोगशाळा आली. पुढे त्याच दुधापासून केलेल्या मिठाईतही हे रसायन परदेशांत आढळले. भारताने त्याच महिन्यात चीनमधून येणाऱ्या दुधावर व दुग्धपदार्थांवर बंदी घातली. नंतर ती चॉकलेट व दूधयुक्त गोळ्यांनाही लागू झाली आणि तिची मुदत अनेकदा वाढविण्यात आली.

शिशाची कथा याहून गुपचूप घडणारी. चिंच व मिरची घातलेल्या मेक्सिकोतील काही गोळ्यांत शिसे असल्याचे कॅलिफोर्नियातील एका वृत्तपत्राने २००४ साली सविस्तर मांडले. मिरची वाळविताना चिकटणारी माती आणि वेष्टनावरील शाई ही त्याची काही कारणे निघाली. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुले वरचेवर खातात अशा गोळ्यांसाठी शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ०.५ वरून ०.१ भागावर आणण्याची शिफारस केली. तरीही २०२३ साली इक्वेडोरहून आलेल्या, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पिशव्यांतून शिसे अमेरिकेतील शेकडो मुलांच्या रक्तात पोहोचलेच. शिशाचे प्रमाण थोडे असले तर मूल आजारी दिसतही नाही; त्याची वाढती बुद्धी मात्र मंदावते. ज्याचे नुकसान झाले त्यालाच ते कळत नाही, असा हा प्रकार आहे.

इथपर्यंत आल्यावर पुष्कळ सज्जन माणसे एक सोपा निष्कर्ष काढतात: परक्या देशाचे अन्न घेऊच नये. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो केवळ चुकीचा आहे असे नव्हे तर धोक्याचाही आहे, असे मी म्हणेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी व तमिळनाडू येथे 'म्हातारीचे केस' या मिठाईवर बंदी आली. तिच्यात रोडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडला होता. ती मिठाई कोणत्याही बंदरातून उतरलेली नव्हती. येथेच रंगवून येथेच विकली गेली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, हाँगकाँग व सिंगापूर येथील अधिकाऱ्यांनी काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्यावरून त्यांची विक्री थांबविली. त्या दिवशी 'परदेशी अन्न' आपले होते. आपल्यापैकी कित्येकांना तेव्हा राग आला. आपल्या मसाल्यावर कोणी संशय घ्यावा हे आपल्याला रुचले नाही. तीच गोष्ट चीनमधील वा मेक्सिकोतील एखाद्या प्रामाणिक कारागिराच्या बाजूने पाहण्याइतके मन मोठे करण्यास काय हरकत आहे? अन्नाची भीती किती सहज माणसांच्या तिरस्कारात पालटते, हे भारतात वेगळे सांगावयास नको. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये यावर आपण शतकानुशतके माणसे दूर ठेवली, आणि तेव्हाही शब्द शुद्धतेचाच होता.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन असे म्हणावे काय की बाजारात जे येते ते निमूट घ्यावे? असे म्हणणारे पौलाचा आधार घेतात. करिंथकरांस लिहिताना बाजारात विकले जाणारे सर्व काही विवेकासाठी विचारपूस न करता खा, अशा आशयाचे तो सांगतो. तेथे 'माकेलोन' हा शब्द येतो. तो मूळचा ग्रीक समजला जात नाही. हा बाजारी शब्द असून सबंध नव्या करारात तो एकदाच आढळतो. त्याचा अर्थ मांसमच्छीचा बाजार. भाषांतर करताना नुसते 'बाजार' लिहावे की 'मांसाचा बाजार', हा वाद किरकोळ वाटेल. पण त्यावर बरेच अवलंबून आहे. 'बाजार' म्हटले की वाचकाला तो प्रत्येक मालाविषयीचा सरसकट नियम वाटू लागतो. वास्तविक पौलापुढे प्रश्न होता मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. त्या मांसात विष नव्हते. होता तो विटाळाचा संशय. तो संशय धरून घरोघर चौकशी करू नका, असे तो सांगतो. शिवाय त्याचे ऐकणारे खाणारे होते, विकणारे नव्हते. आणि लगेच पुढे, जेवणाऱ्यांपैकी कोणी हटकले तर त्याच्यासाठी खाऊ नका, असेही तो म्हणतो. म्हणजे माझे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हिताशी येऊन थांबते. ज्या ठिकाणी संशय विटाळाचा नसून इजेचा आहे, तेथे न विचारण्याची मुभा या वचनातून काढणे म्हणजे शब्द घेऊन अर्थ टाकणे होय.

विकणाऱ्याला लागू पडणारे वचन दुसरेच आहे. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायात आहे. यहूदी भाष्यकारांनी फार पूर्वीपासून तिचा अर्थ विस्तारला: 'आंधळा' म्हणजे त्या बाबतीत ज्याला माहिती नाही असा कोणीही. मला हे भाष्य या यंत्राशेजारी उभे राहून वाचावेसे वाटते. दुकानातील पुड्यावर घटकांची यादी असते; ती बारीक असो, कोणी वाचो वा न वाचो, ती असते. काचेच्या गोलातील गोळीवर वेष्टनही नाही. यादी छापलेली असते ती खोक्यावर, आणि रिकामे खोके यंत्रमालकाच्या घरी पडून असते. मुलाला फक्त रंग दिसतो. या साऱ्या साखळीत घटकांची यादी वाचण्याची संधी मिळणारा शेवटचा मनुष्य म्हणजे माझा पुतण्या. त्याने ती वाचली नाही तर नंतर कोणी वाचणार नाही. तो एवढा विचार का करीत बसला आहे, याचे उत्तर मला येथे सापडते.

अर्थात यादी वाचूनही सगळे कळत नाही. अमेरिकेत 'गम बेस' एवढा एकच शब्द छापला की पुरते. त्या शब्दाखाली कायद्याने मान्य केलेल्या अनेक पदार्थांपैकी कोणतेही असू शकतात. पूर्वी तो पदार्थ म्हणजे चिकल, मध्य अमेरिकेतील ज्या झाडाचा चीक तेच आपले चिकूचे झाड. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतील चिकू आणि जुन्या च्युइंगमचा चीक हे सख्खे नातलग आहेत. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा कारखान्यातील कृत्रिम पदार्थांनी घेतली आहे. रंगांचेही तसेच. टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून वर्ज्य केले. 'रेड ३' हा लाल रंग अमेरिकेने १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून काढला, पण अन्नातून काढण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये झाला. ओठाला लावण्यास अयोग्य ठरलेला रंग जवळजवळ पस्तीस वर्षे जिभेवर ठेवण्यास योग्य होता! कायदा पाळणे हे किमान कर्तव्य आहे. कर्तव्याची तेथे समाप्ती होते असे मानणाऱ्याने या पस्तीस वर्षांचा विचार करावा.

"हे मी माझ्या मुलाला देईन काय?" अशी एक कसोटी सांगितली जाते. ती चांगली आहे, परंतु पुरेशी नाही. आपण आपल्या मुलांना हौसेने काय काय खाऊ घालतो हे दंतवैद्यांस विचारावे. शिवाय आपल्या मुलाजवळ आपण असतो. यंत्राजवळच्या मुलाजवळ कोण असेल हे सांगता येत नाही. आणि येथेच एक गोष्ट पुतण्याच्या पत्रात मुळीच नव्हती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली मुलांचा श्वास कोंडणाऱ्या खाद्यपदार्थांची जी यादी दिली तिच्यात कडक गोळ्या आणि च्युइंगम ही दोन्ही आहेत. एक इंचाची गोल गोळी, मग ती कोणत्याही देशाची, कितीही शुद्ध असो, तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकते. समुद्रापलीकडचा धोका मनाला सतावतो आणि यंत्राच्या मुठीजवळचा दिसत नाही, असे मनुष्याचे मन आहे.

काही यंत्रांवर एखाद्या धर्मादाय संस्थेची चिठ्ठी चिकटविलेली असते. मालक त्या संस्थेला दरमहा ठरावीक लहान रक्कम देतो. यात वावगे काही नाही, पण चिठ्ठीमुळे गोळी निर्धोक होत नाही, हे मी त्याला मुद्दाम लिहिले.

बाकी जे लिहिले ते साधे होते. देश पाहू नये, नाव पाहावे. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या व्यवस्थेत आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता लागतो. अमेरिकेतही २०११ च्या कायद्याने परदेशी पुरवठादाराची खातरजमा करण्याचा भार आयातदारावर टाकला आहे, कारण येणाऱ्या मालापैकी फारच थोडा सरकारी अधिकारी प्रत्यक्ष उघडून पाहू शकतात. तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्या: गोळी कोणी बनविली, आयात कोणी केली, आणि माल परत बोलवावा लागला तर कोणत्या क्रमांकाच्या खोक्यांना बोलावतील. ज्याला उत्तर देता येईल त्याचा माल घ्यावा, तो मेक्सिकोचा असो वा चीनचा. जो उत्तर टाळील त्याचा घेऊ नये, मग खोक्यावर अमेरिकेचा ध्वज का असेना. साडेआठ डॉलर जाणार असतील तर जावोत. त्यात धंदा बसत नसेल तर एक यंत्र कमी करावे. आणि खोक्यावरील यादी कापून, तिच्याखाली खोक्याचा क्रमांक व स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहून, चार वर्षांखालील मुलांना ही गोळी देऊ नये एवढी ओळ मोठ्या अक्षरांत घालून, तो कागद काचेच्या गोलावर आईबापांच्या नजरेच्या उंचीला चिकटवावा.