साडेसाती आणि जीवाचे स्वातंत्र्य

श्रीक्षेत्र पंचाळेश्वर व राक्षसभुवन ही दोन्ही स्थाने बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदातीरीच आहेत. एक आत्मतीर्थ, श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या संबंधाने पावन झालेले, दुसरे शनिस्थान. म्हणून भाविक पुष्कळदा विचारतात, "बाबा, साडेसाती चालू आहे, आत्मतीर्थास जाताना शनीलाही तेल वाहिले, तर काय बिघडले?"

प्रश्न लहान, पण त्यात अनन्यभक्तीचीच कसोटी आहे. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. जन्मराशी आणि तिच्या मागील-पुढील राशी मिळून साडेसात वर्षे होतात. सुमारे 30 वर्षांच्या फेऱ्यात ती साधूलाही येते, चोरालाही येते. काळ सारखाच असता फळ वेगळे का? कारण कर्म वेगळे.

देवता नित्यबद्ध आहे. ती केलेल्या कर्माचे फळ देते; परंतु स्वतःच बद्ध असल्याने जीवाचे बंधन तोडू शकत नाही. जीव मात्र बद्धमुक्त. आलेला भोग टळला नाही, तरी तो भोगताना असत्य बोलावे की सत्य धरावे, हिंसा करावी की क्षमा, हे कोणत्याही कुंडलीत लिहिलेले नसते. तेथेच त्याचे स्वातंत्र्य आहे.

तेव्हा भाविकहो, तेलाने भय क्षणभर शमेल, दोष जाणार नाही. कोणाचे देणे बुडविले असेल तर फेडावे, कोणास दुखविले असेल तर क्षमा मागावी, आणि अनुतापाने नामस्मरण करावे. मोक्ष परमेश्वराच्या हाती; त्याच्याकडे वळणे आपल्या हाती.

दंडवत प्रणाम.