न मागितलेला वकील

रडल्यावाचून आईसुद्धा पाजीत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संसारात ती खरी असेल. परंतु न्यायासनानेही तिचाच आधार घ्यावा काय? बिहारमध्ये भागलपूर येथे कच्च्या कैद्यांचे डोळे फोडण्यात आले. ते प्रकरण १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा त्या आंधळ्यांना वकील का दिला नाही याचे उत्तर मिळाले ते असे, की त्यांनी तो मागितला नाही! असा हक्क आपणास आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने तो मागावा तरी कसा? न्यायालयाने ही सबब मानली नाही. आरोपीस हा हक्क सांगणे हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य ठरविले.

अमेरिकेतील गिडिअनने मात्र फ्लॉरिडाच्या कोर्टात वकील स्पष्ट मागितला होता. गुन्हा देहान्त शिक्षेचा नाही, म्हणून तो नाकारण्यात आला. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. खटला पुन्हा चालला व तो निर्दोष सुटला. मुख्य साक्षीदार पूर्वीचाच होता. त्याची उलटतपासणी घेणारा मनुष्य तेवढा नवा होता.

हे सारे अडाण्यांपुरतेच आहे, असे मात्र कोणी समजू नये. होसकोट खटल्यातील आरोपी विद्यापीठात प्रपाठक होता. मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यास तीन वर्षांची शिक्षा दिली. निकालाची नक्कल येरवड्याच्या तुरुंगात गेली. ती त्याच्या हाती पडल्याचा पुरावा मात्र नव्हता. १९७८ साली त्याच्या अर्जाचा निकाल लागला तेव्हा शिक्षा भोगून संपली होती. अर्ज फेटाळला गेला. परंतु कैद्यास निकालाची नक्कल विनामूल्य मिळावी, आणि ऐपत नसल्यास अपिलासाठी वकीलही मिळावा, असे त्याच निकालाने ठरले.

आमच्या एकलहऱ्याहून नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह फार लांब नाही. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील मनुष्यास, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. ही गोष्ट येथील किती सुशिक्षित घरांत ठाऊक असेल, याची आम्हास शंकाच आहे.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर, उघड उघड पकडलेल्या खुन्यास वकील कशाला, असे भल्याभल्यांनी विचारले. तो संताप आम्ही समजू शकतो. पण गुन्हा उघड आहे की नाही, हे ठरविण्यासाठीच तर कोर्ट बसते! कसाबची फाशी कायम करणाऱ्या २०१२ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपी प्रथम मॅजिस्ट्रेटपुढे येताच त्यास वकिलाचा हक्क सांगितला पाहिजे; त्याने जाणूनबुजून नाकारला तरच गोष्ट वेगळी. हे न करणाऱ्या मॅजिस्ट्रेटची खातेनिहाय चौकशी व्हावी, असेही म्हटले. मात्र खटला उभा राहण्यापूर्वी वकील मिळाला नाही, एवढ्यावरून खटला रद्द होणार नाही. आरोपीचे त्यामुळे भरीव नुकसान झाल्याचे दिसले पाहिजे, अशी पुस्ती तेथे आहे. ती आम्हास खटकते. त्या पहिल्या दिवसांत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. त्याने किती बिघडले, हे पुढे मोजावयाचे कोणत्या मापाने? निदान नुकसान झाले नाही हे दाखविण्याचा भार तरी सरकारवर टाकावयास हवा होता.